लक्ष्मी रस्त्याच्या आडोशाला

मी मुद्रितशोधक आहे. प्रकाशकांची प्रुफं तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि पुण्यात हा उद्योग करायचा तर अप्पा बळवंत चौक, नारायण पेठ आणि सदाशिव पेठ टाळून चालत नाही. फाइली आता ई-मेलनं येतात हे खरं. पण शेवटचं प्रूफ माझे काही प्रकाशक अजून कागदावरच देतात, आणि लेखकासमोर बसून शंका मिटवल्याशिवाय पुस्तक छपाईला जात नाही. त्यामुळे कोथरूडहून पेठेत येणं मला चुकत नाही.

अडचण अशी की पेठेतला आवाज मला सोसत नाही. गोंगाट कुणालाच आवडत नाही, पण मी म्हणते ते वेगळं आहे. इतरांच्या डोक्यात एक चाळणी असते. नको ते आवाज खाली पडतात आणि हवे ते वर राहतात. माझी चाळणी फाटकी आहे. लक्ष्मी रस्त्यावर उभी राहिले की दुचाकीचा हॉर्न, मागे येणाऱ्या टेम्पोची पिपाणी, साड्यांच्या दुकानातून येणारं गाणं, शेजारच्या दुकानातलं दुसरं गाणं, शटर, फेरीवाल्याची हाळी आणि मला कुणी मारलेली हाक, सगळं एकाच उंचीनं आत येतं. त्यात दुकानांच्या पाट्यांवरचे धावते दिवे, तळणाचा वास, उदबत्तीचा वास, डिझेलचा धूर. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सलग इमारती, त्यामुळे आवाजाला बाहेर पडायला वाटच नसते. भिंतींवर आपटून तो पुन्हा आपल्याच अंगावर येतो.

अशा वेळी शरीर आधी इशारा देतं. जबडा आवळतो, खांदे वर चढतात. मग वाचलेल्या पाटीचा अर्थ लागत नाही. त्यानंतर शब्द जातात. रिक्षात बसून कुठं जायचं ते सांगता येत नाही अशी वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करणाऱ्या बाईला आपला पत्ता सांगता येऊ नये, यासारखी लाज नाही.

लहानपणी घरात याला नखरे म्हणत. लग्नाचा बँड वाजायला लागला की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची, आणि आई सगळ्यांना सांगायची, "जरा नाजूक आहे ती." चाळिशी ओलांडल्यावर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सगळं सविस्तर विचारून ऑटिझमचं निदान केलं. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो तेच. निदानानं गोंगाट काही कमी झाला नाही. मी स्वतःवर चिडायचं मात्र सोडलं आणि जागा शोधायला लागले.

जागा शोधताना हळूहळू कळलं की मला नुसती शांतता नको आहे. चार गोष्टी लागतात. पाठ भिंतीला टेकवून बसता यावं. उजेड स्थिर असावा, फडफडणारी ट्यूबलाइट नसावी. कोणता आवाज कधी येणार याचा अंदाज असावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "काय हवंय?" असं कुणी विचारू नये. यातली चौथी गोष्ट भर पेठेत मिळणं सर्वांत अवघड, कारण तिथं बसायचं म्हणजे काहीतरी विकत घ्यायचं हा नियमच आहे.

अंदाज असलेला आवाज त्रास देत नाही, हे मला मेट्रोनं शिकवलं. वनाझहून गाडीत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची आणि भुयारी मार्गानं मंडईला उतरायचं. सप्टेंबर 2024 मध्ये हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि माझं पेठेतलं येणंजाणं सोपं झालं. गाडीत घोषणा होतात, दारं बंद होताना इशारा वाजतो, म्हणजे गाडी नि:शब्द नाहीच. पण घोषणा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात, ठरलेल्या शब्दांत होते. मेंदू आधीच तयार राहतो. बसमध्ये याच्या उलट. तिथं ब्रेक कधी लागेल, शेजारचा मोबाइलवर व्हिडिओ कधी लावेल, काही सांगता येत नाही.

पेठेत शिरण्याआधी थोडं थांबायचं असेल तर मी अलीकडच्या स्टेशनवर उतरते आणि जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जाते. हे आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं शैवलेणं. पुणेकरांना ते माहीत असतं, पण शाळेच्या सहलीनंतर आत कुणी फारसं फिरकत नाही. माझ्या दृष्टीनं त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते वरून खाली कोरलेलं आहे. रस्त्यावरून आत गेलं की आपण जमिनीच्या पातळीच्या खाली उतरतो, आणि रहदारीचा आवाज डोक्यावरून निघून जातो. मधल्या मोकळ्या अंगणात गोल नंदीमंडप आहे, जाडजूड खांबांचा. त्याच्या मागे काळ्या कातळाचं मुख्य लेणं. बेसॉल्टचा दगड उन्हाळ्यातही गार असतो. खांबाला पाठ टेकवून बसलं की हॉर्न ऐकू येतात, पण त्यांची धार गेलेली असते. हे देऊळही आहे आणि संरक्षित स्मारकही, त्यामुळे आलेला माणूस दर्शनाला आला की बघायला, हे कुणी विचारत नाही. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार मात्र वगळावेत. त्या दिवशी रांग असते.

दुसरी जागा थेट बाजाराच्या पोटात आहे. तुळशीबागेत बांगड्या, भांडी आणि देवांच्या पितळी मूर्ती यांच्या गर्दीतून वाट काढत बायका खरेदी करतात, पण आतल्या राममंदिराच्या आवारात त्यांतल्या मोजक्याच जातात. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी हे देऊळ उभारलं. दरवाजातून आत गेलं की फरसबंदी अंगण लागतं. बाजार अगदी भिंतीपलीकडे असतो, पण भिंत जुनी आणि जाड आहे. सभामंडपाच्या कडेला बसलं की बाहेरच्या घासाघिशीचे शब्द कळत नाहीत, नुसती गुणगुण येते. घंटेचा आवाज मात्र मला झेपत नाही. म्हणून आरतीच्या वेळा मी पाठ केल्या आहेत आणि त्याआधी उठते. देवावर माझी किती श्रद्धा आहे हा वेगळा प्रश्न. पण न विचारता, पैसे न मागता, तासभर बसू देणारी पेठेतली सर्वांत मोठी व्यवस्था अजूनही देवळांचीच आहे, हे मान्य केलं पाहिजे. यात एक उणीव आहेच: ज्यांना देवळात जायचं नाही किंवा जाताना परकं वाटतं, त्यांच्यासाठी याच्या तोडीचं काही नाही.

माझ्यासाठी ती उणीव ग्रंथालयांनी बरीच भरून काढली. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून चालू आहे. लक्ष्मी रस्त्याच्या ऐन गर्दीत एवढं जुनं ग्रंथालय असणं ही या शहराची पुण्याई. वाचनालयातला आवाज मला चालतो: पंखा, पान उलटल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खाकरणं. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ तर माझ्या कामाचीच जागा. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारानं 1910 मध्ये ते सुरू झालं. ऐतिहासिक पुस्तकाचं प्रूफ हातात असलं की एखादं नाव, एखादी तारीख ताडून बघायला मी तिथं जाते. काम दहा मिनिटांचं असतं, पण बसते जास्त वेळ. संदर्भ शोधणारी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, आणि ही मोठी सोय आहे.

शांत जागा म्हणून कुणीतरी मला अभ्यासिका सुचवली होती. नारायण पेठेत आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. मी एका अभ्यासिकेत डोकावले. आवाज शून्य. पण छोट्या खोलीत खुराड्यांसारखे कप्पे, प्रत्येकावर पांढराशुभ्र दिवा, बंद खिडक्या, आणि परीक्षेच्या काळजीनं जड झालेली हवा. तिथं मला दहा मिनिटंही बसवेना. शांतता आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा नीट कळलं.

तिकीट काढून शांतता मिळवायची असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हे उभं केलं आणि 1975 मध्ये सगळा संग्रह शासनाला दिला. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी. मला सगळ्यात आवडतं ते वाद्यांचं दालन. एवढी वाद्यं एका ठिकाणी आणि एकही वाजत नाही. सुट्टीचे दिवस टाळून दुपारी गेलं तर एका दालनात आपण एकटेच असतो. शाळेची सहल आली की मी पुढच्या दालनात सरकते. मुलांना गप्प करण्यासाठी बाई जे ओरडतात तेच जास्त मोठं असतं.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून बाहेरगावचे लोक पुणेकरांची टिंगल करतात. माझ्यासारखीला ती दुपारची सुट्टी म्हणजे देणगी आहे. शटर खाली आली की गाणी बंद होतात, माल उतरवणारे टेम्पो जातात, ग्राहक घरी असतात. अडीच वाजता मी अप्पा बळवंत चौकातून हेडफोन न लावता चालू शकते. प्रकाशकांकडच्या भेटी म्हणूनच मी दुपारच्या घेते. मोठ्या शोरूम आता दुपारी बंद होत नाहीत, त्यामुळे लक्ष्मी रस्त्यावर हा फरक पूर्वीइतका जाणवत नाही. आतल्या गल्ल्यांत अजून जाणवतो.

वासांचं गणित वेगळंच आहे. बाजारातल्या परफ्यूमच्या आणि फिनेलच्या वासानं माझं डोकं धरतं. पण कॉफीची पूड दळत असलेल्या दुकानासमोर मी मुद्दाम थांबते, आणि नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्याचा वास मला कुठल्याही गोंगाटात सावरतो. पिशवीत माझ्या नेहमी तीन गोष्टी असतात: कानात घालायचे मऊ बोळे, उन्हाची टोपी आणि ओव्याची पुरचुंडी. टोपी उन्हासाठी कमी, दुकानांच्या दिव्यांसाठी जास्त. ओवा चावला की लक्ष जिभेवर येतं आणि कानांना थोडी सुटी मिळते.

गणेशोत्सवात मी पेठेत येत नाही. काम देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवते. गणपती माझाही आहे, आमच्या घरी दीड दिवसाचा बसतो. पण ढोलाचा आवाज कानांवाटे येत नाही, तो छातीतून येतो, आणि त्यावर बोळ्यांचा उपयोग नाही. त्याआधी महिना-दीड महिना संध्याकाळी नदीकाठी पथकांचा सराव चालतो. त्यामुळे एरवी ओंकारेश्वराच्या बाजूला मिळणारी मोकळी, शांत जागा त्या दिवसांत हातची जाते. सरावाला जाणारी पोरं उत्साहानं जातात, त्यांना मी काय म्हणणार? सरावाच्या त्या दिवसांत मी पेठेतली कामं दुपारीच संपवते, एवढंच.

जागा न मिळाल्यावर काय होतं तेही सांगते. एकदा मी एका बँकेत टोकन घेऊन बसले होते. दर मिनिटाला यंत्र नंबर पुकारत होतं, भिंतीवर टीव्ही चालू होता, शेजारचं बाळ रडत होतं. मला उठून दारापर्यंत जाता येईना, म्हणून कान झाकून मान खाली घातली. क्षणात सगळे भोवती गोळा झाले. "ताई, चक्कर येतेय का?" "अहो, पाणी आणा!" "साखर कमी झाली असेल." कुणी हात चोळायला लागलं. सगळ्यांचा हेतू चांगला होता, आणि प्रत्येकाच्या चांगुलपणानं माझी अवस्था आणखी बिघडत होती. मला त्या वेळी पाणी नको होतं. एक रिकामी खोली हवी होती, किंवा नुसता एक कोपरा.

याच्या उलट अनुभव एका प्रकाशकांकडचा. सत्तरीचे गृहस्थ, मी त्यांना काका म्हणते. निदान झाल्यावर मी त्यांना बिचकत सांगितलं. त्यांनी ऑटिझम म्हणजे काय वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "म्हणजे तुम्हाला बाहेरच्या टेबलावर त्रास होतो. गोदामात बसाल का? तिथं फक्त पुस्तकं आहेत." तेव्हापासून मी गोदामात बसते. चारी बाजूंनी गठ्ठे असलेली खोली म्हणजे आवाज शोषणारी उत्तम खोली. मी येणार असले की काका तिथला पिवळा बल्ब लावून ठेवतात. खर्च काही नाही. ऐकून घेणं तेवढं लागलं.

कायदा आपल्या बाजूनं आहे असं कागदावर तरी दिसतं. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे आणि शांतता क्षेत्रात 50 ची. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं किमान शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं. 'हॉर्न वाजवू नका' या पाटीखालीच हॉर्न वाजतात, हे वाचकांना मी सांगायला नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नताही आहे. पण सार्वजनिक जागा सुगम करायची म्हटलं की उतार आणि कठडा यापुढे आपला विचार जात नाही. ते हवेच. कानांनाही उतार लागतो, हे मात्र अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

इतरत्र ते ध्यानात आलं आहे. इंग्लंडमधल्या मॉरिसन्स या किराणा दुकानांच्या साखळीनं 2018 मध्ये शनिवारी सकाळी एक तास शांततेचा ठेवला. त्या तासात गाणी बंद, दिवे मंद, ध्वनिक्षेपकावर घोषणा नाहीत, गल्ल्यावरच्या यंत्रांचा आवाज कमी. आपल्याकडे हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी लक्ष्मी रस्त्याची आठवण करून देते. 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिन म्हणून महापालिकेनं या रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवला होता. माणसं रस्त्याच्या मधून चालत होती. जो रस्ता एक दिवस बंद ठेवता येतो, तिथल्या दुकानांतली गाणी आठवड्यातून एक तास थांबवणं काही अवघड नाही.

मला नव्या इमारती नकोत, वेगळा निधी नको. जाड भिंती, अंगणं, ओवऱ्या, वाचनाच्या खोल्या हे सगळं पेठांमध्ये आधीच आहे. ग्रंथालयांनी एक कोपरा बिनसभासदांसाठी तासभर बसायला ठेवावा आणि तसं दारावर लिहावं. बँकांनी आणि दवाखान्यांनी टीव्ही मुका करावा. तसाही तो कुणी बघत नसतं. दुकानदारांनी आठवड्यातला एक तास गाण्याविना काढून बघावा. त्या तासात माझ्यासारखे ग्राहक येतील, शिवाय मायग्रेनवाले, कानाला यंत्र लावणारे आजोबा, तान्हं बाळ घेऊन आलेल्या आया, सगळे येतील आणि खरेदीही करतील.

आणि वाचकांना एक विनंती. एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात कुणी कान झाकून, डोळे मिटून बसलेलं दिसलं, तर भोवती गोळा होऊ नका. हळू आवाजात एकदाच विचारा, "काही हवंय का?" उत्तर आलं नाही तर थोडं लांब जा, आणि दुसरं कुणी गर्दी करत असेल तर त्यालाही थांबवा. तो माणूस थोड्या वेळानं आपला आपण उठेल आणि कामाला लागेल. त्याला फक्त तेवढा वेळ आणि तेवढी जागा द्या.